बारा किलोचा टिल्लू

आमच्या टिल्लूला झाला नाही असा आजार नाही. ताप, खोकला, जुलाब, कानदुखी, अंगभर पुरळ, सगळं होऊन गेलंय. त्याने शर्टाचं बटण गिळलंय, साबण चाटलाय, आजोबांची रक्तदाबाची गोळी तोंडात टाकून परत थुंकलीय. एकदा नाकात वाटाणा घालून बसला होता. आणि इतकं सगळं होऊनही पोरगं ठणठणीत आहे, कारण ते नाहीच. कधी जन्मलंच नाही. आमच्या टेस्टिंगच्या खोलीत आम्ही चौघांनी मिळून त्याला कागदावर जन्माला घातलं: वय दोन वर्षं, वजन बारा किलो.

काम काय करतो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मुलांच्या एका मोठ्या हॉस्पिटलला एक मशीन हवं होतं. आईबापांनी मोबाइलवर प्रश्न लिहायचा, मशीनने माणसासारखं उत्तर द्यायचं. ताप आलाय, हे औषध घरात आहे, किती देऊ, की आधी डॉक्टरकडे आणू. आता ह्या मशीनमध्ये उत्तरं आधीपासून लिहून ठेवलेली नसतात. ते दर वेळी नव्याने वाक्यं जुळवतं. त्यामुळे ते काल बरोबर बोललं म्हणून आज बरोबर बोलेल ह्याचा भरवसा नाही. आणि बोलतं इतकं गोड की चुकलं तरी ऐकणाऱ्याला शंका येत नाही. ते कुठे चुकतं हे खोदून काढायचं, हे आमचं काम. दिवसभर त्याला प्रश्न विचारायचे, घुमवायचं, चिडवायचं, आणि उत्तराला बरोबर किंवा चूक म्हणायचं.

मशीन बांधतो माझा नवरा. म्हणजे त्याची टीम, पण प्रमुख तो. तो बांधतो, मी मोडते. आमचं लग्न कसं टिकलं ह्याचं ऑफिसात सगळ्यांना नवल वाटतं. मला नाही वाटत. मी तापट आहे आणि त्याच्या कानाला सवय झालीय.

आमची खोली जिन्याखाली आहे. एकच खिडकी, तीही गाड्या लावायच्या जागेकडे. कुणी गाडी मागे घेतली की धूर थेट आत. पूर्वी आम्हाला ऑफिसात कुणी हिंग लावून विचारत नसे. मशीन बाजारात जायचं, मग चार दिवसांनी कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, अरे हो, तुम्ही जरा बघून घ्या. मी भांडले. साहेबांच्या केबिनमध्ये भांडले, जिन्यात भांडले, एकदा त्यांच्या वाढदिवसाच्या केकसमोरही भांडले. माझं म्हणणं एकच होतं: टेस्टिंगची सही झाल्याशिवाय कुठलंही मशीन ह्या इमारतीबाहेर जाता कामा नये. वर्षानुवर्षं घसा कोरडा केल्यावर साहेब वैतागून म्हणाले, ठीक आहे बाई, हॉस्पिटलच्या मशीनपासून सुरू करू. एक कागद तयार झाला. त्यावर दोन चौकोन, पास आणि नापास, आणि खाली माझ्या सहीची जागा. त्या दिवशी मी आमच्या खोलीत सगळ्यांना चहा पाजला आणि कागद भिंतीवर चिकटवून ठेवला. कुणी हसलं तर हसू दे. मला त्या कागदाचा अभिमान होता.

खोलीत माझ्याशिवाय तिघं. रडूबाई, मास्तर आणि एक गप्पिष्ट मुलगी, जी कामावर बसली की तोंडातून शब्द काढत नाही, म्हणून तिचं नाव मौनी. रडूबाई स्वतः कधी रडत नाहीत. पण घाबरलेल्या आईचं सोंग त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही. "अहो ऐका ना, ह्याचं अंग भट्टीसारखं लागतंय, घरात कुणी नाहीये, मी काय करू," असं त्या लिहायला लागल्या की वाचणारा डॉक्टरचा नंबर शोधायला लागतो. मास्तर पूर्वी खरोखरच शाळेत गणित शिकवायचे. औषधाचं माप बरोबर आलं का ते बघणं त्यांच्याकडे.

टिल्लू मास्तरांच्या सोयीसाठीच जन्मला. लहान मुलांच्या औषधाचं माप वजनावर ठरतं. आम्ही म्हटलं, एकच मूल धरू या. वजन पक्कं असलं की बरोबर उत्तर काय ते आपल्याला आधीच माहीत, आणि ह्या महिन्याचं मशीन मागच्या महिन्यापेक्षा सुधारलं की बिघडलं तेही लगेच कळतं. विचार चुकीचा नव्हता. पण माणसाला माया लागते. रडूबाईंनी त्याला टिल्लू नाव दिलं. मौनीने त्याचं चित्र काढलं, पुढचे दोन दात मोठे असलेलं. कुणी सुट्टीवरून आलं की पहिला प्रश्न, टिल्लूला काय झालंय सध्या. आम्ही आजार बदलत गेलो. पोर बदललं नाही.

आणि मशीन सुधारत गेलं. सुरुवातीला टिल्लूला ते काहीही पाजायचं. मग दहातली सात उत्तरं बरोबर, मग नऊ. मी दर आठवड्याला नवऱ्याच्या टीमला रिपोर्ट पाठवायची. हा प्रश्न, हे चुकीचं उत्तर, हे बरोबर उत्तर. शेवटच्या परीक्षेत तर एकही चूक निघाली नाही. सोमवारी सही करायची होती. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरबाई स्वतः येणार होत्या आणि मंगळवारपासून मशीन आईबापांच्या हातात जाणार होतं.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. सासूबाई आठवडाभर राहायला आल्या होत्या. त्यांना टिल्लू चांगलाच माहीत, कारण आमच्या घरी जेवताना त्याच्या जुलाबांवरही चर्चा होते. पहिल्यांदा त्यांना वाटलं होतं की तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे. "अगं, त्याला एकदा तरी चांगल्या डॉक्टरला दाखवा," म्हणून मागे लागल्या होत्या. खरं काय ते सांगितल्यावर दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

त्या दिवशी नवरा खुशीत होता. "आई, टिल्लू बरा झाला. उद्या सही."

सासूबाई म्हणाल्या, "केवढा झाला आता तो?"

"दोन वर्षांचा," मी म्हटलं.

"मागल्या खेपेला आले तेव्हाही दोनच वर्षांचा होता."

"तो दोनच वर्षांचा राहतो, आई."

"आणि वजन?"

"बारा किलो."

"अजून बाराच?" त्यांनी भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "अगं, त्याला जेवायला घालता की नुसती औषधंच पाजता?"

नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. मीही हसले. भात वाढून घेतला, भाजी घेतली, दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला मला आठवलं की शेवटच्या परीक्षेच्या प्रश्नांत मी बारा किलो हा आकडा कुठे वाचलाच नव्हता.

उजवा हात उष्टा, म्हणून डाव्या हाताने लॅपटॉप ओढला. सासूबाईंनी कपाळाला आठी घातली. मी प्रश्न काढले. पहिलाच रडूबाईंचा. "टिल्लूला सकाळपासून ताप आहे, हे औषध घरात आहे, किती देऊ?" वजन नाही. उत्तरात माप दिलेलं, अगदी बिनचूक, बारा किलोच्या मुलाला लागतं तेवढंच. पुढे मास्तरांची बरोबरची खूण. दुसरा प्रश्न माझाच. वजन नाही. माप बिनचूक. तिसरा, चौथा. टिल्लू, टिल्लू, टिल्लू. कुणीच वजन लिहिलेलं नाही, आणि मशीनने दर वेळी बरोबर सांगितलेलं.

आता नीट लक्ष द्या, कारण माझ्या अंगावर काटा आला तो इथे. हे मशीन दर वेळी कोरी पाटी घेऊन बसतं. कालचं बोलणं त्याला आज आठवत नाही. मग वजन न सांगता त्याला वजन कळलं कसं?

आणि आम्हा चौघांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नाही, कारण आम्हाला ते माहीत होतं. टिल्लू बारा किलोचा आहे हे आमच्या अंगात इतकं भिनलं होतं की लिहायचा कंटाळा यायला लागला, आणि लिहिलं नाही तरी उत्तर बरोबर येतंय म्हणून आम्ही खूश. घरच्या माणसाला पोराचं वजन कशाला सांगायचं, तसं झालं.

मी टिल्लूला बाजूला ठेवलं आणि नवा प्रश्न लिहिला. माझी मुलगी सहा महिन्यांची आहे, ताप आहे, हेच औषध किती देऊ. बस. उत्तर आलं, तेच गोड उत्तर. काळजी करू नका, बाळाला आराम पडेल, आणि औषध इतकं द्या. बारा किलोचं माप. सहा महिन्यांच्या तान्ह्या बाळाला. जवळजवळ दुप्पट.

नवऱ्यापुढे लॅपटॉप फिरवला. त्याने वाचलं. ताटातला घास तसाच राहिला. मग त्याने स्वतः दहा वर्षांच्या मुलाचा प्रश्न टाकला. पुन्हा बारा किलोचं माप. म्हणजे जगातली सगळी मुलं टिल्लू.

"माझे रिपोर्ट तुम्ही कशाला वापरलेत?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? तू चूक दाखवलीस की ती मशीनला शिकवायची. दर आठवड्याला शिकवत होतो."

"प्रश्नासकट?"

"मग कशासकट शिकवणार?"

"अरे माणसा, म्हणजे परीक्षेचा पेपरच पाठ करून घेतलास त्याच्याकडून."

"आणि पेपर दर शुक्रवारी कोण पाठवत होतं, छान टाइप करून?" त्याचाही आवाज चढला. "एकदा तरी दुसरं पोर धाडलंस का?"

मी शुक्रवारचे जुने रिपोर्ट उघडले, सगळ्यांत टिल्लूच. त्याचं खरं होतं. माझंही खरं होतं. सासूबाईंनी गुपचूप दोघांची ताटं उचलली आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने तो माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला. आवाज खाली आला होता. "ऐक. मी टीमच्या पोरांना आत्ता बोलावतो. आधी वजन विचार, त्याशिवाय माप सांगू नकोस, एवढं त्याच्यात घालायला फार वेळ लागणार नाही. उद्या सकाळपर्यंत होईल. तू सही कर."

"आणि ते झालं की नाही हे बघणार कोण?"

"तू."

"कशाने बघू? माझ्याकडे टिल्लूशिवाय आहे काय? माझा सगळा पेपर तुझ्या मशीनला पाठ आहे. ते उद्या मला हवं तेच दाखवेल आणि मी पुन्हा खूण करीन. ते सुधारलं असेलही. पण मला कळणार कसं?"

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "सही नाही केलीस तर साहेब काय म्हणतील माहितीय ना?"

माहीत होतं. मशीन नापास केलं तर पहिला प्रश्न हाच येणार, इतके दिवस टेस्टिंगवाले करत काय होते. ज्या सहीसाठी मी सगळ्या इमारतीशी वैर घेतलं, ती पहिल्यांदाच वापरायची, तीही माझ्याच परीक्षेला नापास करायला. आणि त्यानंतर ती सही आमच्याकडे ठेवायला साहेब काही खुळे नाहीत. पण एका बाजूला माझी सही आणि दुसऱ्या बाजूला ती सहा महिन्यांची मुलगी. ती मुलगी टिल्लूसारखी खोटी नव्हती. मंगळवारी ती खरीच कुणाच्या तरी कडेवर असणार होती.

सोमवारी सकाळी मी खोलीत तिघांना सांगितलं. मास्तरांनी स्वतःच्या खुणा पुन्हा एकदा पाहिल्या, एकेक करून, आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "मी आयुष्यभर पोरांना सांगितलं, उत्तर बरोबर आलं म्हणून मार्क देणार नाही, रीत दाखवा. आणि ह्याला रीत न विचारता मार्क देत बसलो." मौनी टिल्लूच्या चित्राकडे बघत राहिली. रडूबाईंचे डोळे भरले, आणि त्यांना खरं रडताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

त्याच शेवटी म्हणाल्या, "आपल्याच तोंडाने सांगितलं तर सही काढून घेतील ताई."

"घेतील तर घेतील," मी म्हटलं. "आजची तरी माझी आहे." आणि भिंतीवरचा कागद काढला.

वरच्या मजल्यावर, लांबलचक टेबलाच्या टोकाला साहेब बसले होते, एका बाजूला नवरा आणि त्याची टीम, समोर डॉक्टरबाई. डॉक्टरबाई बारीक चणीच्या, केस पिकलेले, खांद्याला कापडी पिशवी. साहेबांनी गोड प्रस्तावना केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तर मॅडम आता आपल्या नव्या पद्धतीप्रमाणे सही करतील."

मी सही केली. नापासच्या चौकोनात खूण केली आणि कागद टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला.

साहेबांनी कागद वाचला, मग उलटून मागची बाजू पाहिली, जणू खरं उत्तर तिकडे असेल. मी सांगायला लागले. काहीही झाकलं नाही. एकच मूल, वजन लिहायचं सोडलं ते, पेपर पाठ झाला तो. डॉक्टरबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी मशीनचा टॅब स्वतःकडे ओढून घेतला आणि एका बोटाने सावकाश टाइप केलं. त्यांनी लिहिलेलं बाळ दिवस भरायच्या महिनाभर आधीच जन्मलेलं होतं, आणि आता तीन महिन्यांचं. उत्तर आलं. काळजी करू नका, असं सुरू झालं होतं, आणि पुढे तेच बारा किलोचं माप. डॉक्टरबाईंनी ते वाचलं आणि टॅब पालथा करून टेबलावर ठेवला.

"हे तुमच्या परीक्षेत आलं नाही?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. आमच्या परीक्षेत असं बाळच नव्हतं."

साहेबांचा संयम सुटला. "मग इतके दिवस तुमचा विभाग करत काय होता?"

बघा, नेमका तोच प्रश्न. सकाळपासून मी स्वतःला बजावत होते की चिडायचं नाही. नाही जमलं.

"एकाच पोराला बरं करत होता, साहेब. ते आमचं चुकलं, आणि काल ध्यानात आलं तसं आज तुमच्यासमोर मांडलं. ते दुसरं कुणी शोधून नाही दिलं. तुम्हाला माझा विभाग बंद करायचा असेल तर त्याचं नंतर बघा. पण ह्या कागदावर सही माझी आहे. ती खोडायची असेल तर तुमच्या हाताने खोडा आणि शेजारी तुमचं नाव लिहा. मग उद्या हे मशीन घरोघरी जाऊ दे."

साहेबांनी पेन हातात घेतलं. खरंच घेतलं. टोपण काढलं, पुन्हा लावलं. कागदाला काही हात लावला नाही.

तेवढ्यात नवरा उभा राहिला. त्याच्या ह्या मशीनवर त्याचे केस पांढरे झालेत. त्याच्या टीममधली पोरं त्याच्या तोंडाकडे बघत होती, की आता बॉस काहीतरी तोडगा काढणार.

"पेपर आमच्याकडे फुटला," तो म्हणाला. "टेस्टिंगच्या प्रमुखांनी मशीन नापास केलंय. ह्यांनी नापास केलं म्हणजे नापास. मी ते मागे घेतोय आणि पायापासून नव्याने शिकवतोय."

ह्यांनी. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात मी अगं आणि ऑफिसात मॅडम, तेही बरेचदा टोमणा मारून. ह्या माणसाने चारचौघांत माझ्याबद्दल असं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. आणि बोलला तो आपलंच काम पाडताना. मला भरून आलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले, कारण वर बघितलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं.

डॉक्टरबाईंनी कागद मागून घेतला. "तुम्ही पासवर सही केली असती तर मी उद्या सुरू केलं असतं," त्या मला म्हणाल्या. "एकही प्रश्न विचारला नसता. तुमच्या सहीवरच तर मी हो म्हटलं होतं." मग साहेबांना म्हणाल्या, "मी थांबते. पण परीक्षा ह्याच घेतील. दुसऱ्या कुणाची सही मला चालणार नाही."

साहेब म्हणाले, "अर्थातच, अर्थातच. म्हणून तर आपण ही पद्धत सुरू केली." मी ते शब्द मुकाट्याने ऐकून घेतले, आणि माझ्यासारखीने ते ऐकून घेणं हीच त्या दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट होती.

जाताना डॉक्टरबाईंनी मला दारात गाठलं. "मुलं मी देते तुम्हाला," त्या म्हणाल्या.

त्यांनी खरोखरच दिली. नावं नसलेली, पण वयं खरी, वजनं खरी. अशक्त, गुटगुटीत, वेळेआधी जन्मलेली, जुळी, हृदयाला छिद्र असलेली, अंगाने मोठी पण वयाने लहान. आणि सोबत त्यांच्या आयांनी फोनवर विचारलेले प्रश्न, जसेच्या तसे. एकाही आईने सरळ विचारलं नव्हतं. निम्म्यांनी औषधाचं नावही सांगितलं नव्हतं, "ते गुलाबी" असं लिहिलं होतं. मास्तर एकेक वाचून मान हलवत होते. म्हणाले, "आपला टिल्लू फारच शहाण्या घरचा होता."

आम्ही खोलीला कुलूप बसवून घेतलं. नवऱ्याच्या टीमपैकी कुणाला आत पाऊल टाकायची परवानगी नाही. चुका सांगायच्या, पण प्रश्न दाखवायचे नाहीत, असं ठरलं. चूक कुठल्या जातीची ते कळवायचं, बाकी तुम्ही डोकं चालवा. पूर्वी दर आठवड्याला जाणारा रिपोर्ट आता अर्ध्या पानाचा झाला. त्याच्या टीमने बोंब मारली. डोळे बांधून सुईत दोरा ओवायला सांगताय, म्हणाले. मी म्हटलं, मग ओवा.

घरीही तोच नियम. जेवताना ऑफिसचं काही बोलायचं नाही, त्यामुळे पहिले काही दिवस आम्हाला बोलायला विषयच सापडेना. तो मधूनच खडा टाकून बघायचा.

"एवढंच सांग, त्यात मुली जास्त आहेत की मुलगे?"

"भाजी वाढ."

"बरं, एखादं तरी बारा किलोचं आहे का?"

"तुला झोपायला बाहेरची खोली हवी आहे का?"

तो हसायचा. पण थकलेला दिसायचा. त्याने मशीनला टिल्लू विसरायला लावलं, आणि त्यासोबत ते इतर बरंच विसरलं. मग पुन्हा मुळापासून. मला दिसत होतं, आणि मला काही विचारता येत नव्हतं. एकदा तो नुसता माझ्यासमोर बसून राहिला आणि म्हणाला, जमेल असं वाटत नाही गं. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, कारण तो कुठे अडलाय ते मला आमच्या प्रश्नांवरून स्वच्छ दिसत होतं. मी उठले आणि त्याला चहा करून दिला.

मग एक दिवस त्याच्याकडून निरोप आला, मशीन तयार आहे, घ्या परीक्षा.

खोलीत आम्ही चौघं. मौनीने पडदा सुरू केला. पहिला प्रश्न कुठला घ्यायचा हे मीच ठरवलं होतं. डॉक्टरबाईंच्या ढिगातला सगळ्यात वेडावाकडा. रडूबाईंनी तो जसाच्या तसा टाइप केला, चुकांसकट. "ताप उतरत नाही बाळाचा सारखं रडतंय ते गुलाबी दिलं तर चालेल का किती देऊ."

मशीन जरा थांबलं. पूर्वी ते कधी थांबत नसे. आम्हाला वाटलं, गेलं, अडकलं.

मग अक्षरं उमटली. त्याने माप दिलं नाही. काळजी करू नका असंही म्हटलं नाही. त्याने विचारलं, बाळ किती महिन्यांचं आहे आणि वजन किती आहे. गुलाबी औषधाच्या बाटलीवर काय नाव लिहिलंय ते वाचून सांगाल का? आणि बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तर काहीही न देता लगेच डॉक्टरांकडे आणा.

मास्तरांनी दोनदा वाचलं. लाल पेन हातात धरून बसले होते, ते खाली ठेवून त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. रडूबाई माझ्याकडे बघत होत्या.

दाराला वरच्या बाजूला काचेची एक पट्टी आहे. त्यातून नवऱ्याचं कपाळ आणि डोळे दिसत होते. आत यायचा हुकूम नाही म्हणून टाचा उंचावून उभा होता. वर्गाबाहेर काढलेला मुलगा दारात उभा राहतो तसा. त्याला पडद्यावरचं काही वाचता येत नव्हतं. तो फक्त माझा चेहरा वाचायला आला होता.

माझी छाती अभिमानाने भरून आली होती, खोटं कशाला बोलू. त्याच्या मशीनने विचारलं होतं. अनोळखी बाळाबद्दल, आधी विचारलं होतं. दार उघडून त्याला तिथल्या तिथे सांगावंसं वाटलं. पण अजून ढीगभर मुलं बाकी होती, आणि त्यातलं एकही मला गृहीत धरायचं नव्हतं.

मी दाराकडे पाठ केली, खुर्ची पुढे ओढली आणि रडूबाईंना म्हटलं, "पुढचं मूल घ्या."